तिठ्यावरचा फोन

आमच्या गावचा फोन पोस्टात होता आणि पोस्ट तिठ्यावर होतं. एका कौलारू घराची पुढची पडवी भाड्याने घेऊन डाक-तार खात्याने तिथे आपलं बस्तान मांडलं होतं. दाराशी लाल पेटी, आत एक मेज, पार्सलं तोलायचा काटा, शाईने काळंनिळं झालेलं शिक्क्यांचं पॅड, मनीऑर्डरच्या फॉर्मांचा गठ्ठा आणि पोस्टमास्तरांच्या उजव्या हाताला, भिंतीलगतच्या फळीवर तो फोन. काळा, जड आणि आकड्यांची तबकडी नसलेला. तबकडी असायची तिथे नुसताच गुळगुळीत काळा चेहरा आणि अंगाला एक लहानसं हँडल. मे महिन्यात आलेली चाकरमान्यांची मुलं तो बघायला मुद्दाम तिठ्यावर यायची आणि विचारायची, ह्याच्यावर नंबर कुठे फिरवतात? मास्तर म्हणायचे, ‘‘नंबर नाय रे, हँडल फिरवचा.’’

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, कणकवलीकडच्या एका गावातली. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो १९८१ साली झाला. तोवर आमचा जिल्हा रत्नागिरी आणि पोटापाण्याचं शहर मुंबई. त्या मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीच सुरू झालं होतं. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये एसटीडी आली आणि मध्ये कोणाला न विचारता, आपल्या बोटाने नंबर फिरवून परगावी बोलता येऊ लागलं. आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत नाहीतर गोदीत, आणि सगळ्या वाड्यांना मिळून हा एक हँडलचा फोन. त्यावर बोलायचं कसं हे शिकावं लागे. मास्तर ते सगळ्यांना शिकवायचे, न कंटाळता, दर वेळी पहिल्यापासून.

मला त्यांनी तो उघडूनसुद्धा दाखवला होता. फळीखाली एका लाकडी खोक्यात दोन जाडजूड ड्राय सेल. आपला आवाज तारेवर चढायचा तो त्यांच्या जोरावर. हँडल फिरवलं की आतल्या लोहचुंबकांच्या मध्ये तारेचं वेटोळं फिरे आणि वीज तयार होई. ती वीज तारेवरून तालुक्याला जाई आणि तिथल्या एक्स्चेंजच्या बोर्डावर आमच्या गावच्या नावाची एक छोटी झडप खाली पाडी. टक् असा आवाज व्हायचा म्हणे. मग ऑपरेटर एका दोरीच्या टोकाची पितळी पिन उचलून आमच्या भोकात खुपसायचा आणि म्हणायचा, ‘‘बोला मास्तर.’’ बोलणं संपलं की हँडल पुन्हा थोडंसं फिरवायचं, म्हणजे बोर्डावर दुसरी झडप पडे आणि ऑपरेटर पिना काढून घेई. लोक हे शेवटचं फिरवणं हमखास विसरायचे. रिसीव्हर ठेवून बाहेर जायला निघालेल्या माणसाला मास्तर मागे बोलावून ते करायला लावत. तालुक्याला एक माणूस आपल्यासाठी दोरी अडकवून बसलाय, त्याला मोकळा करायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

मुंबईला बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. तो आधी नोंदवायचा. मास्तर तालुक्याला सांगत, तालुका जिल्ह्याला, जिल्हा मुंबईच्या ट्रंक बोर्डाला, आणि ती साखळी मोकळी सापडेपर्यंत थांबायचं. मुंबईकडे जाणाऱ्या जोड्या मोजक्या आणि त्या मागणारे गावोगावचे. सकाळी नोंदवलेला ऑर्डिनरी कॉल दुपार उलटून लागे, कधी लागतच नसे. अर्जंट म्हटलं तर दुप्पट पैसे, लायटनिंग म्हटलं तर आठपट. आमच्या गावात लायटनिंग कॉल लावायची ऐपत कोणाची होती असं मला वाटत नाही. शिवाय पी.पी. नावाचा एक प्रकार होता. कोणत्या नंबरावर कोणत्या माणसाशी बोलायचंय ते नाव घेऊन सांगायचं; त्याचे थोडे जादा पैसे पडत, पण तीन मिनिटं मोजायला सुरुवात व्हायची ती तो माणूस प्रत्यक्ष फोनवर आल्यानंतर. गरिबाला परवडणारा खरा कॉल हाच. चाळीत फोन वाण्याच्या दुकानात किंवा तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे. तिथून पोऱ्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन हाक मारणार, माणूस पाळीवर असेल तर हात हलवत परत येणार. तेवढ्या वेळाचे पैसे भरायचे म्हणजे घरचे तांदूळ विकायची पाळी.

मला मात्र त्या यंत्रापेक्षा तारेचं वेड होतं. लोखंडी खांब, वर आडवी पट्टी, पट्टीवर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या आणि त्यांना बांधलेली तार. ती शेताच्या बांधावरून, जांभ्याच्या सड्यावरून, रायवळ आंब्यांच्या मधून, दोन व्हाळ ओलांडून तालुक्याला जायची. पावसाळ्यात फणसाची एखादी फांदी तिच्यावर आडवी झाली की सगळं गाव मुंबईपासून तुटायचं. खाऱ्या हवेने गंज चढलेली तार एखाद्या सांध्याशी सुटायची आणि वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. मग लाइनमन यायचा. खांद्यावर दोरखंड, कमरेला पक्कड, गळ्यात एक चामडी पिशवी, डोक्यावर इरलं. तो तारेखालून चालत यायचा, कारण तार रस्त्याने जात नव्हती. एकदा गुरं राखताना मी त्याला खांबावर चढलेला पाहिला. वर पोचल्यावर त्याने पिशवीतून एक फोन काढला, दोन चिमटे दोन तारांना लावले आणि भर पावसात, आजूबाजूला माणूस नाही की घर नाही, तिथे तो बोलायला लागला : ‘‘हॅलो, येतोय काय आवाज? मास्तरांचा येतोय? आता तालुका बघ.’’ एका कानाला आमचं पोस्ट आणि दुसऱ्या दिशेला तालुका, यांच्यामध्ये तो लोंबकळत होता. भिजलेल्या बोटांनी तारा पिळताना कोणी तिकडून हँडल फिरवलं तर त्याला झटका बसायचा, म्हणून मास्तर लाइन दुरुस्त होईपर्यंत फोनच्या हँडलवर हात ठेवून बसायचे आणि कोणालाही जवळ येऊ द्यायचे नाहीत. हे मी स्वतः पाहिलंय. दुरुस्तीची चौकशी करायला आलेल्या माणसांना ते डाव्या हाताने गप्प करत.

मुंबईहून कॉल यायचा तेव्हा माझं काम सुरू होई. फाउंटनच्या तार कचेरीत नाहीतर जवळच्या पोस्टात जाऊन चाकरमानी आईच्या नावाने कॉल नोंदवायचा. तालुक्याचा ऑपरेटर मास्तरांना कळवायचा की अमक्या बाईला बोलावून ठेवा. कॉल लागायला वेळ लागतो ही त्रासाची गोष्ट खरी, पण त्याच वेळात माणूस वाडीवरून तिठ्यावर येऊ शके, हेही खरं. शाळा सुटल्यावर मी पोस्टाच्या पायरीवर असायचो. मास्तर मला पाठवायचे. पाणंदीतून खाली, मळ्यातून, साकवावरून व्हाळापलीकडे, मग चढणीने वर. पावसाळ्यात साकव निसरडा असायचा. तो पळत ओलांडायचा नाही, अशी मास्तरांची सक्त ताकीद होती. दुसरी ताकीद याहून कडक होती. वाटेत ओरडायचं नाही. खळ्यात गेल्यावर आधी प्यायला पाणी मागायचं. पाणी मागणारा पोर म्हणजे घाईचं काही नाही, एवढं त्या बाईच्या मनात उतरलं की मग सांगायचं, ‘‘मुंबयचो फोन येतलो हा. झील बरो आसा, घाबरू नको.’’ मास्तरांनी हे वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं होतं. त्यातला ‘बरो आसा’ आधी आणि ‘घाबरू नको’ नंतर. उलटं म्हटलंस तर ती तिथेच बसेल, म्हणायचे.

बाई नेसूचं लुगडं बदलून निघायची. हातात काहीतरी असायचंच, सोलं नाहीतर चार केळी, मास्तरांसाठी. पोस्टाच्या पडवीतल्या बाकावर ती बसून राही. फोन वाजला की सगळे उभे राहत. मास्तर रिसीव्हर तिच्या कानाला नीट लावून देत, खालचं टोक तोंडाशी आणत आणि सांगत, हितून बोल. आणि मग ती ओरडायला लागे, कारण मुंबई लांब आहे हे तिला माहीत होतं. आवाज इतका बारीक येई, विहिरीच्या तळाशी कोणी बोलत असल्यासारखा, की तिकडचा मुलगाही ओरडत असे. तीन मिनिटांतलं पहिलं मिनिट ‘आवाज येता?’ आणि ‘येता, तुका येता?’ यात जाई. मग प्रकृती. मग पाऊस. मग ‘जेवलंस?’ हा प्रश्न, दिवसाच्या कुठल्याही प्रहरी. पैशांचं बोलणं क्वचित निघे, कारण पडवीत माणसं उभी असत. ‘चवथीक येतलंस मां?’ हे शेवटी, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत मधे ऑपरेटरचा आवाज : थ्री मिनिट्स. कित्येकींना मुलाचं उत्तर मिळालंच नाही. त्या परत जाताना वाटेत मला विचारायच्या, तो येतो म्हणाला ना? मला काय ऐकू आलेलं असणार? मी म्हणायचो, हो.

लाइन फार खराब असली तर याहून वेगळंच काही घडे, आणि ते मला आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यात सुंदर बोलण्यांपैकी एक वाटतं. दोन्ही टोकांचा आवाज एकमेकांना पोचत नसे, पण मधल्या ऑपरेटरला दोघेही ऐकू येत. मग तो किंवा ती दोघांच्यामध्ये उभी राही. जिल्ह्याच्या बोर्डावर एक बाई होत्या. त्यांचं नाव आम्हांला कधी कळलं नाही, आवाज मात्र सगळ्या गावाला ठाऊक होता. स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखी मराठी. एकदा आमच्या शेजारची काकी मुलाशी बोलत होती आणि काही केल्या ऐकू येईना. तेव्हा त्या बाई मध्ये आल्या. काकी म्हणाली, तेका सांगा, जेवण वेळेर जेव म्हणान. बाईंनी तिकडे सांगितलं, ‘‘आई म्हणते, वेळेवर जेवत जा.’’ तिकडून काही आलं. ‘‘तो म्हणतो, जेवतो. खानावळ बदललीय.’’ काकी म्हणाली, खोकलो गेलो काय विचारा. ‘‘आई विचारते, खोकला गेला का?’’ थोडा वेळ काही नाही. मग बाई म्हणाल्या, ‘‘तो रडतोय हो आई. काही नाही, आवाज ऐकून रडतोय. खोकला गेलाय.’’ काकीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि त्या अनोळखी बाईंनाच म्हणाली, ‘‘बाय, तेका सांग, मी हय आसय.’’ बाईंनी ते जसंच्या तसं, मालवणीतच, तिकडे सांगितलं. ही बाई दिवसभरात अशी किती आयांची वाक्यं आपल्या तोंडाने बोलत असेल, याचा विचार मी अजूनही करतो. रात्री घरी गेल्यावर तिच्या डोक्यात काय काय राहत असेल.

ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा कायदाच होता. १८८५च्या भारतीय तार कायद्याप्रमाणे खात्यातल्या माणसाने संदेश बेकायदा फोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. मास्तरांनी त्या कायद्याचं नाव कधी काढलं नाही. पण त्यांच्यावर जो भार होता तो कायद्यात लिहिलेला नव्हता. गावात तारयंत्र नसल्याने तारासुद्धा फोनवरच येत. तालुक्याहून ऑपरेटर एकेक इंग्रजी अक्षर सांगे, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, एम फॉर मद्रास असं करत, आणि मास्तर फॉर्मवर उतरवून घेत. ‘ई’ आणि त्यापाठोपाठ ‘एक्स’ आलं की पुढचा शब्द कोणता हे त्यांना कळून चुकायचं. ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द आमच्याकडे शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही माहीत होता. उरलेली अक्षरं मास्तर तरीही एकेक करून लिहीत, एकही गाळत नसत, हात तसाच चालू ठेवत. कारण समोर दोन-चार माणसं तिकिटासाठी उभी असत आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असत.

असा निरोप असला की मास्तर मला पाठवत नसत. ते स्वतः जात. खिडकी बंद करायची, छत्री घ्यायची आणि निघायचं. काही वर्षांत गावाला याचा अर्थ कळला. पोर आला तर बरं, मास्तर आले तर वाईट. भर कामाच्या वेळी मास्तर छत्री घेऊन साकवावर दिसले की पलीकडच्या वाडीतल्या सगळ्या बाया खळ्यात येऊन उभ्या राहत आणि ते कोणाच्या बेड्याकडे वळतात ते बघत. एक म्हातारी तर त्यांना दुरून पाहूनच ओरडली होती, आणि ते तिच्याकडे येतच नव्हते. त्या दिवसानंतर मास्तरांनी आपली रीत बदलली. मनीऑर्डर आली, पार्सल आलं, नातू झाल्याची तार आली, तरी अधूनमधून ते स्वतःच छत्री घेऊन जायला लागले. कधी काहीच नसलं तरी एखाद्या वाडीत जाऊन पान खाऊन येत. गुडघा दुखत असताना ती चढण ते का चढतात, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘माझ्या छत्रेक लोकांनी भियाक नको.’’ एवढंच. मी शिकलो, नोकरी केली, बरीच थोर माणसं जवळून पाहिली; निरोप कसा पोचवावा याचा एवढा विचार केलेला दुसरा माणूस मला भेटला नाही.

तालुक्याच्या गावात फोन घरोघरी नव्हते, पण होते. डॉक्टर, वकील, कचेरी, एसटी स्टँड, आंब्याचे व्यापारी, लाकडाची वखार. नंबर एक आकडी, दोन आकडी, आणि ते कोणी वापरत नसे. हँडल फिरवून ‘जरा डॉक्टर द्या’ म्हटलं की झालं. ऑपरेटर सांगे, डॉक्टर आत्ताच बाजारपेठेत गेलेत, तिथल्या दुकानात जोडून देतो. रात्री तो बोर्डाशेजारीच पथारी टाकून झोपे आणि झडप पडली की त्याच्या उशाशी घंटा वाजे. फुरसं चावलेल्या एका गड्यासाठी मास्तरांनी मध्यरात्री पोस्ट उघडलं होतं. पलीकडे ऑपरेटरने डॉक्टरांना उठवलं, मग एका व्यापाऱ्याला उठवून त्याची जीप मागितली, आणि जीप निघाल्याचं मास्तरांना परत कळवलं. गडी वाचला. यात फोनचा वाटा किती आणि तालुक्यात कोणाकडे काय आहे हे पाठ असलेल्या त्या माणसाचा किती?

अमेरिकेतल्या खेड्यांमध्ये याच्या पाऊणशे वर्षं आधी वेगळी तऱ्हा होती. बेलची मूळ पेटंटं १८९३-९४ साली संपल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या लाइनी टाकल्या. काहींनी तर कुरणांच्या काटेरी कुंपणाच्या तारेवरूनच फोन चालवले. एका तारेवर दहा-वीस घरं. घंटा सगळ्यांच्याच घरी वाजे, आणि दोन लांब एक आखूड की एक लांब तीन आखूड, यावरून ती कोणासाठी हे ओळखायचं. साहजिकच ज्याच्यासाठी नसे तोही रिसीव्हर उचलून ऐके. जितके जास्त रिसीव्हर उचललेले तितका आवाज क्षीण. १९२० साली तिथल्या शंभरातल्या ३८ शेतघरांत फोन होता. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं की तिथे ऐकणारा निदान आपल्या घरात लपून ऐकत होता. आमच्याकडे ऐकणारे समोर उभे असत.

आणि ही गोष्ट सरळ सांगायला हवी. पडवीतली माणसं मायेची होती, कोणी रडलं तर पाणी आणून देणारी होती. पण ती होती. त्यांच्यासमोर पुरुष निदान ओरडून बोलू शकायचे. सासुरवाशिणींचं काय? सून पोस्टात यायची ती दिराबरोबर किंवा सासऱ्यांबरोबर. माहेरचा फोन वर्षाकाठी एखादा, तोही कोणाच्या लग्नाबारशाचा. रिसीव्हर हातात घेऊन ती एकच वाक्य बोलायची : ‘‘मी बरी आसय.’’ पलीकडून काय विचारलं जाई ते आम्हांला ऐकू यायचं नाही, पण उत्तर तेच, तीन-चारदा तेच, दर वेळी जरा हळू. मास्तर तेव्हा उगीचच शिक्के मारत बसायचे, म्हणजे तेवढा आवाज व्हावा आणि तिचं बोलणं झाकलं जावं. तेवढंच त्यांच्या हातात होतं. ज्या साखळीचं मी इतकं प्रेमाने वर्णन करतोय, तिच्यातून आईची हाक जायची, मरणाची बातमी जायची, डॉक्टर यायचा. पण सुनेचं दुःख जाऊ शकत नव्हतं. ते सांगायला मधे कोणी नसावं लागतं.

१९८२च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि फोनची दिशाच उलटी झाली. अडीच लाख कामगारांपैकी आमच्या गावचे बरेच जण घरी परतले. आता तिठ्यावर आया नव्हत्या, ते होते. ते मुंबईला कॉल लावायचे आणि विचारायचे, गेट उघडलं का? पहिले काही महिने रोज कोणी ना कोणी. मग आठवड्यातून एकदा. तालुक्याचा ऑपरेटर कॉल जोडायच्या आधीच सांगायचा, काही नाही हो, पेपरात काही आलेलं नाही, पैसे कशाला घालवता. नंतर नंतर त्यांनी येणंच सोडलं. संप कोणी मागे घेतल्याचं आम्हांला फोनवर कधी कळलंच नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली, आणि थंडगार खोलीशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालेल असं खेड्यांसाठीचं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज तिथल्या आपल्या इंजिनियरांनी बनवलं. १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. १२८ जोडण्यांची ती पेटी मग गावोगाव पोचू लागली. १९८५ साली डाक आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली, म्हणजे कागदोपत्री मास्तर आणि त्यांचा फोन यांची फारकत झाली. आमच्या भागात ती पेटी आल्यावर हँडलचा फोन एका कर्मचाऱ्याने स्क्रू काढून नेला. मास्तर तेव्हा निवृत्तीला आले होते. बोर्डावरच्या ऑपरेटरना दुसरी कामं मिळाली, कोणी बिलं काढायला बसलं, कोणी तक्रारी घ्यायला. त्यांच्या डोक्यातला तालुका कुठल्याच यंत्रात गेला नाही. या माणसांची एक साधी यादी तरी कोणी करावी, कोण कुठल्या बोर्डावर किती वर्षं बसलं याची, असं मला मनापासून वाटतं. गावाच्या देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावं कोरतात. यांची कुठेच नाहीत.

नव्वदनंतर तिठ्यावर एसटीडीचा पिवळा बूथ आला. पायाने अधू असलेल्या एका गाववाल्याला तो मिळाला होता. सुट्टीत घरी असलो की तो जेवायला जाई तेवढ्यापुरता मी गल्ल्यावर बसायचो. काचेची केबिन, आत फोन, बाहेर लाल आकड्यांचा मीटर आणि चिठ्ठी छापणारं छोटं यंत्र. रात्री ११ नंतर पाव दर, म्हणून साडेदहापासून माणसं जमू लागत. सुरुवातीला म्हाताऱ्या केबिनचं दार उघडंच ठेवायच्या. आत कोंडल्यासारखं होतं, म्हणायच्या, आणि ओरडायच्या तशाच.

वरच्या वाडीतली एक वहिनी गुरुवारी यायची. एकटी. घरी काय सांगून यायची कोणास ठाऊक. तिच्या माहेरच्या गावातही बूथ झाला होता, आणि पत्र लिहून तिने आईला वार आणि वेळ कळवली होती. भाऊ आईला घेऊन तिकडे थांबायचा. ती आत जाऊन दार ओढून घ्यायची, नीट लागलंय ना ते हाताने दाबून बघायची, आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहायची. पहिल्या वेळी ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग बोलायला लागली, आणि मीटरवरचे आकडे पळत राहिले, आणि तिने एकदाही वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही. काचेतून मला फक्त तिची मान दिसत होती आणि मोकळा हात, जो बोलताना हलत होता. पोस्टात कोणा बाईचा हात असा हलताना मी कधी पाहिला नव्हता.

बाहेर येऊन तिने चिठ्ठी बघितली, कनवटीचे पैसे मोजून दिले. मग विचारलं, ‘‘मधी कोण आयकता काय रे?’’

मी म्हटलं, ‘‘नाय वहिनी. मधी आता कोण नाय. मशीनच जोडता.’’

‘‘बरा झाला,’’ ती म्हणाली. ‘‘फुडल्या गुरवारी अकराक येतंय. कोणाक आधी घुसूक देव नको.’’